रिकाम्या बुटांचे पाऊल

मित्रांनो, मला पहिल्यांदा पाहणारा माणूस मला एखादा मोठा खिळा समजतो. त्यात त्याची काही चूक नाही. मी वीतभर लांबीचा आणि अंगठ्याएवढ्या जाडीचा पोलादी तुकडा आहे. हातोडीचे घाव खाऊन खाऊन माझे डोके पसरट झाले आहे. पण मला उलटे धरून पाहिलेत, तर खालच्या टोकावर कोरलेले एक इवलेसे पाऊल दिसेल. मी एक जुना ठसा आहे. शिड्यांच्या कारखान्यात मी वीस वर्षे काम केले आणि गेली तीन वर्षे खिळ्याला सुतळीने टांगून घेऊन लोंबकळतो आहे.

माझ्याकडून एक खोटे काम करवून घेतले गेले. एकदा नाही, तीनशे चाळीस वेळा. परक्यांनी करवून घेतले असते तर मी ते केव्हाच विसरलो असतो. ज्यांच्या हातांची ऊब मला पाठ होती त्यांनीच ते केले, म्हणून मी आज तुमच्यापुढे तक्रार घेऊन आलो आहे.

माझा जन्म एका लोहाराच्या भट्टीत झाला. मोडक्या ट्रकच्या आसाचा तुकडा तापवून त्याने मला घडवले. मला बनवून घेणारा माणूस पेशाने सुतार होता. धिप्पाड, नव्वद किलोंचा, आणि आवाज असा की भट्टीचा भातासुद्धा दबून जावा. त्याने नुकताच शिड्या बनवण्याचा छोटासा कारखाना काढला होता. पुढे सगळे त्याला मोठे मिस्त्री म्हणू लागले. त्याने लाकडाच्या ढलपीवर पेन्सिलीने पाऊल काढून आणले होते.

“पाऊल कशाला? नाव घाल की तुझं,” लोहार म्हणाला.

“नाव वाचायला अक्षरं यावी लागतात. पाऊल कोणालाही कळतं.”

“काय कळतं?”

“की मी आधी चढून बघितलंय, आता तू चढ.”

लोहाराला ते पटले. त्याने मन लावून टाच कोरली, तळवा कोरला, पाच बोटे कोरली. मात्र मला तापवून पाण्यात बुडवताना करंगळी जरा बसली. तेव्हापासून माझ्या ठशात चार बोटे ठसठशीत उमटतात आणि पाचवे पुसट. लोहार दुसरा ठसा करून द्यायला तयार होता. मिस्त्रींनी मला फिरवून फिरवून पाहिले आणि म्हणाले, “राहू दे. माझी करंगळी पण अशीच आहे, बुटानं चेपलेली.” मग त्यांनी मला स्वच्छ, मऊ फडक्यात गुंडाळून खिशात घातले. ते फडके पुढे अनेक वर्षे माझे अंथरूण होते, आणि त्याचे काय झाले तेही मी सांगणार आहे.

कारखाना म्हणजे पत्र्याची एक लांबलचक शेड होती. एका टोकाला लाकूड उतरायचे आणि दुसऱ्या टोकाने शिड्या बाहेर पडायच्या. मधल्या भागात करवती, रंधे, सरसाचे भांडे आणि घोट्यापर्यंत भुसा. कोपऱ्यात काचेची एक खोली होती, तिथे मिस्त्रींचे टेबल होते आणि त्या टेबलाच्या पहिल्या खणात मी राहत असे.

त्या शेडमधली एक पद्धत जगावेगळी होती. शिडी तयार झाली की ती तुळईला टेकवून उभी करायची. मिस्त्री टेबलाखालून चाचणीचे बूट काढायचे. ते बूट जाड तळव्याचे होते आणि फक्त त्याच कामासाठी ठेवलेले होते. ते घालून मिस्त्री शिडीवर चढायचे. प्रत्येक पायरीच्या बरोबर मध्ये उभे राहायचे, टाचेवर दोनदा आपटायचे आणि कान देऊन ऐकायचे. सगळ्यात वरच्या पायरीवर दोन्ही पाय ठेवायचे, हात सोडायचे आणि तिथूनच कोणाला तरी चहाची ऑर्डर द्यायचे. मग खाली उतरून मला उभ्या दांडीवर टेकवायचे आणि हातोडीचा घाव घालायचे. एकच घाव. शिडी छोटी असो की दुमजली, त्यात कधी बदल झाला नाही.

ज्या रंगाऱ्याने आमची पहिली शिडी विकत घेतली तो मिस्त्रींचा जिवलग दोस्त झाला. त्यानेच एके दिवशी आपल्या हाताने शेडच्या भिंतीवर निळ्या रंगात सुरेख अक्षरे काढली: “मिस्त्रींचे पाऊल लागल्याशिवाय एकही शिडी बाहेर जाणार नाही.” गावभर भिंती रंगवताना तो भेटेल त्याला शिडीवरचा ठसा दाखवायचा. “बघा, करंगळी पुसट आहे ना? मग डोळे मिटून चढा.” लोक खरोखरच तसे चढायचे. विजेच्या तारा जोडणारे चढायचे, दुकानांच्या पाट्या लावणारे चढायचे, माळ्यावरचे गाठोडे काढायला एखाद्या घरातल्या आजीबाईसुद्धा चढायच्या. त्यांच्यापैकी कोणीही मिस्त्रींना पाहिले नव्हते. त्यांनी मला पाहिले होते, आणि तेवढे त्यांना पुरत होते. मित्रांनो, ठशाला मान नसते, पण असती तर माझी त्या दिवसांत ताठ राहिली असती.

मिस्त्रींच्या जोडीला तिथे आणखी तिघे होते, त्यांची ओळख करून देतो. एक ताई, म्हणजे मिस्त्रींची मोठी बहीण. कागदपत्रे, किल्ल्या आणि कोणती शिडी कोणत्या दुकानात गेली याची वही तिच्याकडे असायची. दुसरा लंबू. तो मिस्त्रींच्या हाताखाली तयार झालेला मुख्य कारागीर होता, काटकुळा आणि दारातून वाकून आत येणारा. मिस्त्रींनी रात्र म्हटले तर भर दुपारी दिवा लावायला निघेल इतका त्यांचा भक्त. आणि तिसऱ्या मावशी. त्या लाकूड निवडायच्या. बोटांच्या पेरांनी फळी ठोकून आवाजावरून सांगायच्या, ही आत सडली आहे, हिच्यात गाठ लपली आहे. मावशींची जीभ तिखट होती, पण त्यांचे बोट कधी चुकले नाही.

मिस्त्रींनी प्यायला कधी आणि का सुरुवात केली ते मला नीट माहीत नाही. खणात राहणाऱ्याला सगळे कळत नाही. मला एवढेच आठवते, की एका दुपारी खण उघडला आणि माझ्या शेजारी एक चपटी बाटली येऊन पडली. खण उघडताना आणि मिटताना ती माझ्यावर आपटून किणकिणायची. दोन दिवसांनी मिस्त्रींनी माझ्या अंगावरचे फडके काढले आणि तिला गुंडाळले, आवाज होऊ नये म्हणून. मी उघडा पडलो. तेव्हा मला फक्त थंडी वाजली. त्या फडक्याबरोबर आणखी काय गेले हे कळायला मला बरेच महिने लागले.

हाताला काय झाले आहे हे सगळ्यात आधी हत्याराला कळते. मिस्त्रींचा हात आधी कोरडा आणि घट्ट असायचा. आता तो ओला असायचा आणि बारीक थरथरायचा. एका घावात काम होईना. दुसरा घाव घातला की पाऊल दुहेरी उमटायचे, जणू एकाच जागी दोघे जण उभे राहिले आहेत. सकाळचा हात एक असायचा आणि जेवणानंतरचा निराळाच. लोकांशी बोलणेही बदलले. सकाळी ज्याची पाठ थोपटली त्यालाच दुपारी चारचौघांत फाडून खायचे. मिस्त्रींमधला कोणता माणूस कधी भेटेल याचा नेम नसल्यामुळे कारागीर काही विचारायचेच टाळू लागले. खोबण सैल वाटली तरी ते तशीच पुढे ढकलत, कारण विचारायला जायचे तर काचेच्या खोलीत जावे लागणार.

एक दिवस मिस्त्री चौथ्या पायरीवर गेले आणि तिथेच थांबले. त्यांनी दोन्ही हातांनी दांड्या गच्च धरल्या. शेडमधल्या करवती एकेक करून बंद झाल्या. लंबूने पुढे होऊन त्यांना कंबरेला धरून उतरवले.

“उपाशीपोटी चढले, चक्कर आली,” लंबू सगळ्यांना मोठ्याने म्हणाला.

ते खोटे होते आणि तिथल्या प्रत्येकाला ते माहीत होते. तरीही सगळ्यांनी माना डोलावल्या. माझ्या गोष्टीतले पहिले खोटे हेच, आणि ते प्रेमापोटी बोलले गेले होते.

त्यानंतर मिस्त्री शिडीवर चढेनासे झाले. आता भिंतीवरच्या निळ्या अक्षरांचे काय करायचे? कोणी म्हटले असते, की पद्धत बदलू, दुसरा कोणी चढेल, तर गोष्ट सरळ होती. पण पद्धत बदलायची तर कारण सांगावे लागणार, आणि कारण सांगायचे तर मिस्त्रींचा बोभाटा होणार. तेव्हा लंबूने डोके चालवले. त्याने मिस्त्रींचे चाचणीचे बूट पायात चढवले आणि तो स्वतः शिडीवर गेला. बूट मिस्त्रींचे होते, म्हणजे पाऊलही मिस्त्रींचेच लागले, असे त्याने स्वतःला समजावले. त्याचे पाय लांब आणि बूट आखूड. तो चेहरा वेडावाकडा करत चढायचा आणि लंगडत उतरायचा. कारागीर तोंडावर हात धरून हसायचे. शिवाय लंबूचे वजन जेमतेम पंचावन्न किलो, म्हणून तो खांद्याला लोखंडी नटांची पिशवी अडकवायचा.

मावशी हसल्या नाहीत.

“लंबू, हे काय सोंग आहे?”

“मिस्त्री बरे होईपर्यंतच, मावशी.”

“ते आजारी आहेत हे मला दिसतंय. पण तू कोणाला औषध देतोयस? त्यांना, का भिंतीवरच्या अक्षरांना?” मग त्या ताईकडे वळल्या. “ताई, तुमचा भाऊ पितो. दिवसाढवळ्या पितो. त्याला डॉक्टरकडे न्या आणि तोवर ठसा बंद ठेवा.”

ताईचे ओठ घट्ट मिटले. “घरचं माणूस समजत होते मी तुम्हाला,” ती म्हणाली. “घरचं माणूस असं बोलत नाही.”

मावशींनी पदराने बोटांवरचा भुसा पुसला, डबा उचलला आणि त्या निघून गेल्या. पुन्हा आल्या नाहीत. त्यांना थांबवायला एकही जण दारापर्यंत गेला नाही. त्या दिवसापासून लाकूड जसे उतरायचे तसेच करवतीखाली जाऊ लागले.

बुटांनी लंबूच्या पायांना फोड आले. मागणी वाढत होती आणि दर आठवड्याला पाच-सहा शिड्या बाहेर पडत होत्या. मग एका सकाळी मी जे पाहिले ते आजही माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. लंबूने मला खणातून काढून टेबलावर ठेवले, बुटांच्या नाड्या एकमेकींना बांधल्या आणि एका काठीच्या टोकाने ते बूट शिडीच्या सगळ्यात वरच्या पायरीला अडकवले. रिकामे बूट क्षणभर तिथे झुलले. मग त्याने ते काठीने काढले आणि पुढच्या शिडीला अडकवले. अशा सहा शिड्या झाल्यावर त्याने मला उचलले. मिस्त्री शेजारीच खुर्चीत डोळे मिटून बसले होते. “मिस्त्री, मारू ना?” लंबूने विचारले. मिस्त्रींनी डोळे न उघडता हात हलवला.

लंबूचा घाव नेमका होता. पाऊल सुरेख उमटले, चार बोटे ठसठशीत आणि करंगळी पुसट. मित्रांनो, माझे दुःख हेच आहे. खरा ठसा आणि खोटा ठसा यांत तिळाएवढाही फरक पडला नाही. मी वाकडा उमटलो असतो, तडकलो असतो, निदान एखादे बोट गाळले असते तर कोणाला तरी शंका आली असती. पण मी पोलादाचा. सांगतील तिथे उमटण्यापलीकडे मला काही येत नाही. लंबूने माझा विश्वासघात केला, हात हलवणाऱ्या मिस्त्रींनी केला, आणि काचेपलीकडे वहीत मान खुपसून बसलेल्या ताईनेही केला. असे चौदा महिने चालले.

आणि एके दिवशी रंगारी आला.

तो कुबड्या घेऊन आला होता. त्याच्या डाव्या पायाला कंबरेपासून घोट्यापर्यंत प्लास्टर होते. त्याच्या सोबतच्या माणसाने शिडीच्या दांडीचा एक मोडका तुकडा आणून टेबलावर ठेवला. तुकड्याच्या टोकाला, पायरी जिथे बसते तिथे, बोराएवढी काळी गाठ होती आणि लाकूड त्या गाठीतून फाटले होते. त्याच तुकड्यावर खाली माझे पाऊल होते.

“ताई,” रंगारी दम खात म्हणाला, “दुसऱ्या मजल्यावरून पडलो. पण मला खात्री आहे, हा ठसा नकली आहे. कोणीतरी तुमची नक्कल करून माल विकतंय. म्हटलं तुम्हाला सांगावं, नाहीतर मिस्त्रीचं नाव खराब होईल.”

पाय मोडून घेतलेला माणूस मिस्त्रींच्या नावाची काळजी करत आला होता.

“तुमचा ठसा आणा,” तो म्हणाला. “लावून बघू. नकली असला तर बसणार नाही.”

ताईने खण उघडला. बाटली बाजूला सारून मला बाहेर काढले. तिने मला त्या पावलावर टेकवले. टाचेत टाच बसली. तळव्यात तळवा बसला. चार बोटे बसली, आणि पुसट करंगळीसुद्धा तिच्या पुसट जागेत जाऊन बसली. मला त्या क्षणी भट्टीत परत जाऊन वितळावेसे वाटले. रंगारी वाकून कितीतरी वेळ पाहत राहिला. मग त्याने मान वर केली आणि भिंतीवरची आपलीच अक्षरे वाचली.

आवाजाने मिस्त्री जागे झाले. त्यांनी मोडका तुकडा पाहिला, प्लास्टर पाहिले, आणि वीस वर्षांच्या दोस्ताच्या डोळ्यांकडे न बघता ते म्हणाले, “मला न विचारता मारला असणार यानं. लंबूनं. मी कधी हो म्हटलं नव्हतं.”

लंबूचा चेहरा पांढराफटक पडला. ज्या माणसाची अब्रू झाकण्यासाठी त्याने पायांना फोड आणले होते, तोच माणूस त्याला पुढे ढकलून मोकळा झाला होता. लंबू टेबलाखाली वाकला, नाड्यांनी बांधलेले ते बूट त्याने वर काढले आणि मोडक्या तुकड्याशेजारी ठेवले. मग त्याने सगळे सांगितले. चौथी पायरी, नटांची पिशवी, काठी, सगळे. स्वतःचा वाटा त्याने जरासुद्धा कमी केला नाही.

रंगाऱ्याने ऐकून घेतले. जाताना तो मिस्त्रींना म्हणाला, “तुम्ही मला सांगितलं असतंत, की मी पितो, माझ्यानं चढवत नाही, तर मी तुम्हाला पाठीवर घेऊन दवाखान्यात गेलो असतो.” वीस वर्षांत त्याने मिस्त्रींना कधी अहो-जाहो केले नव्हते.

त्या दिवशी ताईने शेड बंद केली. दुसऱ्या दिवशी तिने सगळ्यांना भुशात गोल बसवले आणि आधी स्वतःचे सांगितले. “बाटल्या मी फेकत होते,” ती म्हणाली. “रोज रिकामी बाटली मी पिशवीत घालून न्यायचे, कोणाला दिसू नये म्हणून. मला वाटायचं मी भावाला सांभाळतेय.” मग एकेक जण बोलू लागला. कोणी सैल खोबण पाहून गप्प बसले होते, कोणी दुकानदाराला मिस्त्री बाहेरगावी आहेत असे सांगितले होते. चूक तिघांची होती असे मी म्हणत होतो ना? त्या दिवशी मला कळले की माझ्या डोक्यावर तिथल्या प्रत्येकाने एकेक घाव घातला होता.

मग वहीवरून दुकाने शोधली गेली, पत्रे गेली, माणसे दारोदार फिरली. चौदा महिन्यांतल्या शिड्या परत मागवायच्या असे ठरले. लोक नाही नाही ते बोलले. शेडपुढे परत आलेल्या शिड्यांचा ढीग वाढत गेला. काही कारागीर सोडून गेले, आणि जे राहिले त्यांना कित्येक महिने नवे काम मिळाले नाही.

ताई मावशींच्या घरी गेली. तिथे काय बोलणे झाले ते मला ठाऊक नाही, पण मावशी आल्या त्या अटी घेऊन. “एक, चढणारी माणसं रोज वेगळी, आणि जो चढेल त्यानं दांडीवर स्वतःचं नाव लिहायचं. दोन, शेडमधल्या कोणालाही कुठलीही शिडी थांबवता आली पाहिजे, झाडू मारणाऱ्यालासुद्धा. आणि तीन, मी कोणाला पितो म्हटलं तर मला घरचं-बाहेरचं शिकवायचं नाही.” ताईने तिन्ही अटी मान्य केल्या. निळ्या अक्षरांवर चुना फिरला. मला सुतळी बांधून खिळ्याला टांगले गेले.

मिस्त्रींना व्यसनमुक्ती केंद्रात नेले. नवव्या दिवशी ते तिथून पळून आले आणि शेडच्या मागे सापडले, प्यायलेल्या अवस्थेत. ताईने त्यांना आत घेतले नाही. तिने त्यांना दारातूनच पुन्हा गाडीत बसवले. आत येऊन ती खूप रडली, पण त्यांना आत न घेतल्याचा तिला पश्चात्ताप झालेला मी पाहिला नाही. दुसऱ्या वेळी मिस्त्री तिथे पाच महिने राहिले.

ते परत आले तेव्हा मी त्यांना ओळखलेच नाही. अंग उतरले होते आणि तो दणदणीत आवाज कुठल्या कुठे गेला होता. ते काचेच्या खोलीत गेले नाहीत. “मला काय काम आहे?” त्यांनी लंबूला विचारले. लंबूने त्यांच्या हातात पटाशी दिली आणि बाहेरच्या ढिगाकडे बोट केले.

परत आलेल्या शिड्यांवरचे माझे ठसे तासून काढायचे, हे ते काम होते. मिस्त्री उन्हात बसून एकेक पाऊल खरवडत राहिले. ढलप्या उडायच्या, आधी टाच जायची, मग बोटे, आणि शेवटी करंगळी. मी खिळ्यावरून ते पाहत होतो. माझे खोटे मिटत होते हे मला कळत होते, तरी प्रत्येक ढलपीबरोबर माझे काहीतरी जात होते. एका दुपारी ते आत आले आणि त्यांनी मला हातात घेतले. हात कोरडा होता, थोडा थरथरत होता. ते काहीतरी बोलतील म्हणून मी वाट पाहिली. त्यांनी माझ्या अंगावरची धूळ आपल्या सदऱ्याला पुसली आणि मला परत टांगले. मी अजून रुसलेलो आहे. पण ते रोज येतात, आठवड्यातून एकदा आपल्यासारख्याच लोकांच्या बैठकीला जातात, आणि आजचा दिवस प्यायलो नाही एवढेच ताईला सांगतात. त्याहून जास्त ते कसलेही वचन देत नाहीत.

वर्षभराने रंगारी पुन्हा आला. तो एका कुबडीवर लंगडत होता. इतके दिवस तो हात पोचेल तेवढीच भिंत रंगवत होता आणि वरची भिंत दुसरे कोणी रंगवत होते.

“शिडी हवी,” तो म्हणाला.

ताईने त्याला नवी शिडी दाखवली, तिच्यावर लिहिलेली तीन नावे दाखवली. त्याने ती वाचली आणि मान हलवली. मग तो पटाशी घेऊन बसलेल्या मिस्त्रींकडे गेला.

“तू चढलास हिच्यावर?”

“नाही,” मिस्त्री म्हणाले. “मला ते काम देत नाहीत आता. बरोबरच आहे.”

“ते तुमचं तुम्ही बघा. मला घ्यायची तर तू चढ.”

मिस्त्रींनी लंबूकडे पाहिले. लंबूने शिडी तुळईला टेकवून उभी केली. मिस्त्री अनवाणी झाले आणि चढू लागले. प्रत्येक पायरीच्या मध्ये ते उभे राहिले, टाचेवर दोनदा आपटले, कान देऊन ऐकले. चौथ्या पायरीवर त्यांचे पाय लटपटले. मी पाहिले, रंगाऱ्याने कुबडी टाकून दोन्ही हातांनी शिडी खालून धरली होती. मिस्त्री वर पोचले. त्यांनी हात सोडले, आणि तिथे उभे राहून ते लहान मुलासारखे रडले.

ते उतरल्यावर लंबूचा हात नकळत माझ्या खिळ्याकडे गेला.

“ठसा नको,” रंगारी म्हणाला. आणि बिनठशाची शिडी उचलायला त्याने मिस्त्रींनाच हाताशी घेतले.

मला वाईट वाटले, खोटे कशाला सांगू? पण तो बरोबर होता. मित्रांनो, तुमच्या घरात, शाळेत, कारखान्यात कोणी मोठा माणूस असा लटपटू लागला, तर त्याचे बूट दुसऱ्याच्या पायात घालू नका. त्याचा हात धरा, आणि तो रागावला तरी त्याला खाली उतरवा.

आणि एक शेवटची विनंती. तीनशे चाळीस शिड्यांपैकी तीनशे तेवीस परत आल्या. सतरा अजून सापडलेल्या नाहीत. त्या कोणाच्या तरी माळ्याला टेकून उभ्या असतील. तुमच्या घरच्या शिडीवर एक छोटे पाऊल दिसले आणि त्याची करंगळी पुसट असली, तर कृपा करून तिच्यावर चढू नका. आजीलाही चढू देऊ नका. तो ठसा अगदी खरा दिसेल. तो माझाच आहे, म्हणूनच सांगतो, त्याच्यावर विश्वास ठेवू नका.